आमच्या आधी येऊन गेलेली बाई

मी हे लिहिणार नव्हते. खरं तर लिहीत नाहीच आहे. मी बोलतेय आणि माझी नात टाइप करतेय. ती तुमचा हा फोरम रोज वाचते, मला वाचून दाखवते. पिंपळावरच्या बाया, हायवेवर लिफ्ट मागणारी माणसं... मी ऐकते आणि हसते. म्हणून ती म्हणाली, आजी, मग तुझं ते सांग ना, त्याला हसून दाखव.

तर आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि गावी परतल्यावर ह्यांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. दारावरच्या लिंबू-मिरच्या काढल्या, पोरांच्या गळ्यातले गंडे कापले. सासू रडली. मी नाही रडले. धाकट्याच्या तापात देवऋष्यानं माझ्याकडून दोन कोंबड्या नेल्या होत्या, ताप काही नेला नव्हता. माझा तो विषय तेव्हाच संपला होता.

पोरांची नावंही त्याच वेळी बदलली. मुलगा चार वर्षांचा. त्याच्या आधीचे दोन गेले, म्हणून ह्याचं नाव दगडू ठेवलेलं. मुलगी सहाची, धुरपता. ह्यांनी दगडूचा आनंद केला आणि धुरपताची सुजाता. पण कागदावर नाव बदलणं वेगळं आणि जिभेला वळण लागणं वेगळं. माझ्या तोंडून दगड्याच निघायचं. आणि 'आनंद' अशी हाक मारली की पोरगा मागे वळून बघायचा — कोणाला बोलावतात म्हणून!

आमचं गाव वाशीमकडचं. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात आला होता. ह्यांना परळच्या रेल्वे वर्कशॉपात खलाशाची, म्हणजे फिटरच्या हाताखालची नोकरी लागली आणि ते पुढे गेले. होळी झाल्यावर मी दोन पोरं घेऊन आले. नायगावच्या बीडीडी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ह्यांच्या चुलतभावाची खोली होती. त्या एका खोलीत भावजी, जाऊबाई, त्यांची तीन मुलं आणि आम्ही चौघं.

अडचण जागेची नव्हती. जागा काय, माणसं सरकून घेतात. अडचण झोपेची होती. भावजी गिरणीत रातपाळीला. सकाळी येऊन जेवायचे आणि दुपारी झोपायचे. त्यांची मुलं शाळेत जायची, पण माझी दोघं दिवसभर खोलीत. चौथ्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "शेवंता, राग नको मानू गं. बारा ते चार पोरांना कुठंतरी घेऊन जा. ह्यांचा डोळा लागत नाही, आणि मशीनवर पेंग आली तर हात जाईल."

राग कसला मानणार? पण जायचं कुठं? मला मुंबईतलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. चार दिवस मी इमारतीच्या सावलीला नुसती बसून काढले. लोक जाता-येता विचारायचे, कुठून आलात, आडनाव काय? तो प्रश्न कुठं जातो ते मला गावापासून ठाऊक होतं. मी खाली बघायचे. ह्यांना सांगून ठेवलं होतं — एक महिना बघीन, नाही जमलं तर मी आपली गावी परत.

पाचव्या दिवशी पोरंच उठली आणि चालायला लागली. मी मागे मागे.

*

नायगावातून हिंदमाता जवळच. कापडाची दुकानं, बाहेर टांगलेली लुगडी, आमची पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. एका दुकानाच्या पायरीवर मशीन लावून एक म्हातारा शिंपी बसला होता. त्यानं चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं आणि म्हणाला,

"आलात का? आनंद, आज कातरीला हात नाय लावायचा हां."

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

त्यानं मशीनचा खण उघडला, त्यातून रंगीत चिंध्यांची एक पुरचुंडी काढली आणि माझ्या मुलीपुढं धरली. "घे सुजाता. बाहुलीला पायजेल होत्या ना? ठेवल्यात बघ."

सुजातानं घेतल्या. लाजली पण नाही.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आम्हाला ओळखता?"

"म्हंजे काय बाई? परवा इथंच तर बसला होतात. त्या बाकावर." त्यानं समोरचा बाक दाखवला. "ह्यानं माझी कातरी पळवली. तुम्हीच तर ओरडलात त्याला."

परवा मी चाळीच्या सावलीत बसले होते. दिवसभर. जाऊबाईंनी वरून दोनदा हाक मारून बघितलं होतं.

मी पोरांना धरलं आणि तडक घरी आले. ह्यांना सांगितलं, तर हे हसले. "मुंबईत सारख्या तोंडाचे लोक लय असतात. काहून घाबरतं?"

"पण नाव?"

"चाळीतल्या कोणी सांगतलं असन."

"चाळीत कोणाला माहीत आहे? तुमच्या वहिनीसुद्धा दगडूच म्हणतात त्याला!"

मग हे दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मुद्दाम हिंदमाताला गेले आणि शिंप्याशी बोलून आले. मी विचारलं, काय म्हणाला? तर म्हणाले, "म्हातारा सुईत दोरा ओवाले दुसऱ्याले बोलावते. त्याचं काय घेऊन बसली." पण शिंपी नेमकं काय म्हणाला ते काही सांगितलं नाही.

पोरांना मी खोदून खोदून विचारलं. आधी गेला होता का तिथं? कोणाबरोबर? सुजाता म्हणाली, "नाही वं माय. पण तो बाबा चांगला हाये." तिला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसतच नव्हतं. मुंबई अशीच असते, लोक नावानं हाक मारतात, असं तिला वाटलं असणार.

*

त्यानंतर आम्ही रोज निघायला लागलो. भीती होती... खोटं नाही सांगत. पण भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. आज कुठं जायचं ते पोरं ठरवायची. एक दिवस ट्रामनं राणीच्या बागेत. सुजातानं हत्ती बघितला आणि आनंदनं हत्तीला बघायचं सोडून नळ बघितला, कारण त्यातून आपोआप पाणी येत होतं. एक दिवस कॉटन ग्रीनच्या गोदामांकडं गेलो. तिथं कापसाच्या गाठींची थप्पी बघून आनंद म्हणाला, "आपल्या वावरातला हाये हा." वावर आमचं नव्हतंच, आम्ही मजुरीनं वेचायचो. पण मी म्हटलं, हो रे, आपलाच.

सगळीकडं ओळख निघायची असं नाही हं. राणीच्या बागेत कोणी विचारलं नाही. रविवारी हे बरोबर असले की कुठंच कोणी ओळखायचं नाही. हे मग माझ्याकडं बघून मिशीत हसायचे. पण मधल्या वारी आम्ही तिघंच निघालो की आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी थांबायचंच. भोईवाड्यात एका फुलवालीनं सुजाताच्या वेणीत अबोली खोचली आणि म्हणाली, "काल का नाय आलीस?" वरळीला समुद्रावर जाळं विणत बसलेला एक कोळी आनंदला म्हणाला, "ये रं, तुझी होरी तितंच हाय." खरंच एक लाकडाची छोटी होडी होती त्याच्याकडं! आनंद तासभर खेळला.

लालबागला एक खानावळ होती, मालवणकडच्या भागीरथीबाईंची. गिरणीतले एकटे राहणारे पुरुष त्यांच्याकडं महिन्यानं जेवायचे. आम्ही दारावरून चाललो होतो. आतून आवाज आला,

"काय गो सुजाता, आज उशीर केलंस? ये, बस."

त्यांनी माझ्यासमोर पण ताट ठेवलं. मी म्हटलं, बाई, मी तुम्हाला ओळखत नाही. त्या हसल्या, "बरा, नाय तर नाय. जेव आधी." आणि आनंदच्या आमटीत न विचारता भात जास्त घातला, तिखट लागतं म्हणून. त्याला तिखट सोसत नव्हतं हे खरं होतं.

नात विचारतेय, आजी, तुला ते सगळं creepy नाही वाटलं? वाटलं असेल. पण तुम्ही एक लक्षात घ्या... आमच्या गावात माझ्या पोरांना चार दारांत उभं राहायची मुभा नव्हती. आणि इथं लोक माझ्या पोरांची वाट बघत होते. मी भीत भीत का होईना, रोज बारा वाजायची वाट बघायला लागले. महिना होऊन गेला, दुसरा संपत आला, गावी परतायची गोष्ट मी काढली नाही.

*

गिरगावातल्या माईंचं मात्र वेगळं होतं. तो दिवस मी विसरणार नाही.

चौपाटीवर समुद्र बघून आम्ही ठाकूरद्वारकडं चालत निघालो होतो. वैशाखातली दुपार. डांबर तापलेलं, मी अनवाणी. सावली दिसली म्हणून एका वाडीत शिरले. दोन्ही बाजूला चाळी, मध्ये फरशी, तुळशीवृंदावन. कोणाची वस्ती ते मला बघताक्षणी कळलं. पोरांना तहान लागली होती, आनंद रडायला आला होता. मी एका तळमजल्याच्या दारापासून चांगली चार हात लांब उभी राहिले, गावी उभी राहायचे तशी. दारात एक म्हाताऱ्या बाई धान्य निवडत होत्या. नऊवारी पातळ, कपाळ मोकळं. मी म्हटलं, आजी, पोरांना ओंजळीत थोडं पाणी घालता का?

त्यांनी वर बघितलं. "लांब का उभी आहेस शेवंता? आत ये. आनंदाला आधी पाणी दे. तांब्या कोनाड्यात आहे."

 मला वाटलं, ह्या बाईची काहीतरी चूक होतेय आणि मग कळल्यावर पोरांसमोर तमाशा होईल. गावी असं झालेलं होतं एकदा. म्हणून मी सांगूनच टाकलं. आम्ही कोण, कुठल्या वस्तीतले, दीक्षा कधी घेतली, सगळं.

त्या सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "ते तू मागेच सांगितलंस. पाणी पी."

मी तशीच उभी.

"पहिल्या खेपेला मला जड गेलं, खोटं कशाला बोलू," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर कितीतरी वेळ तो तांब्या हातात धरून बसले होते. राख घेतली होती घासायला. मग म्हटलं, कशाला? तसाच ठेवला कोनाड्यात. आता नाही काही वाटत. ये."

मी आत गेले. जन्मात पहिल्यांदा अशा घराचा उंबरा ओलांडला. कोनाड्यातून तांब्या घेतला, पोरांना पाणी दिलं, मग मी प्यायले. माईंनी फोडणीचे पोहे केले. आनंद तिथंच फरशीवर झोपून गेला आणि माई त्याच्यावर पदरानं वारा घालत बसल्या.

ते पहिलं अवघड सांगणं, ते तोंड खाली घालून उभं राहणं... माझ्याऐवजी कोणीतरी आधी करून गेलं होतं. कोण, ते मला ठाऊक नाही.

*

आता शेवटचं सांगते.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सभा, मोर्चे, हरताळ. चाळीत रोज त्याचंच बोलणं. आमच्या आनंदला तर 'झालाच पाहिजे' एवढे दोनच शब्द यायचे, पण ते तो जेवताना, आंघोळीला, कशालाही ओरडायचा.

त्या दिवशी सकाळी काही नव्हतं. आम्ही लालबागला पोचलो आणि गिरण्या एकाएकी सुटल्या. भरल्या दुपारी हजारो माणसं रस्त्यावर आली, झेंडे घेऊन परळकडं चालली. पोरं खूश. सुजाता टाळ्या वाजवत होती. मग पुढं काय झालं कोण जाणे, दगड उडाले, पोलिसांच्या लाठ्या आल्या, आणि धूर. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. सगळी गर्दी उलटी फिरून आमच्या अंगावर आली. सुजातानं माझा पदर घट्ट धरला होता. आनंदचा हात माझ्या हातात होता... आणि मग नव्हता.

मी "दगड्या, दगड्या" ओरडत होते. दुकानांच्या फळ्या धडाधड लागत होत्या. मी भिंतीला अंग लावून सुजाताला पदरात झाकलं. अर्धा तास असेल, जास्तही असेल. धूर निवला तेव्हा रस्त्यावर टोप्या पडलेल्या, जेवणाचे डबे पडलेले, आणि माझं पोर कुठंच नाही. मी गल्लीगल्लीत शिरले, दारं वाजवली. शेवटी भागीरथीबाईंच्या बंद दारावर दोन्ही हातांनी मारायला लागले.

त्यांनी दार उघडलं. आत आनंद पाटावर बसून भात खात होता.

मी खाली बसले.  भागीरथीबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "असा काय करतंस गे बाय? तूच नाय हाडून सोडलंस त्येका?"

"मी?"

"मगे कोण? गडबड सुरू झाली नि तू आयलंस. 'आता पोरीक घेवन येतंय' म्हणालंस नि गेलंस. मी तुझीच वाट बघतंय."

मी आनंदला जवळ घेतलं. विचारलं, "तुला इथं कोणी आणलं रे?"

तो म्हणाला, "तू." मग माझ्या पायांकडं बघितलं आणि विचारलं, "माय, तुही चप्पल कुठं गेली?"

मला तोवर चप्पल ठाऊकच नव्हती.

*

त्या दिवसानंतर नव्या जागी आम्हाला कोणी ओळखलं नाही. एकदाही नाही. माहीममध्ये, माझगावात, कुठंही गेलो तरी कोण, कुठले, इथपासून सुरुवात. सांगायचो आम्ही. मला आता जमायला लागलं होतं. जुन्या ओळखी मात्र तशाच राहिल्या. शिंपीबाबानं सुजाताचा शाळेचा पहिला फ्रॉक शिवला. भागीरथीबाईंकडं मी पुढं तीन वर्षं पोळ्या लाटायला जात होते.

माईंना एकदा न राहवून विचारलं, "मी तुमच्याकडं पहिल्यांदा कधी आले?"

"संक्रांतीला," त्या लगेच म्हणाल्या. "पोरांच्या हातावर मी तिळगूळ ठेवला... ठेवला कसला, वरून टाकला, हात लागू नये म्हणून. म्हणून तर लक्षात राहिलंय."

त्या संक्रांतीला मी वाशीमकडं, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होते. पोरं बांधावर खेळत होती. मुंबई आम्ही कोणी बघितलेली नव्हती.

महाराष्ट्र झाला तेव्हा रोषणाई बघायला सगळी मुंबई बाहेर पडली. जाऊबाई सात वर्षं मुंबईत, पण परळच्या पुढं गेल्या नव्हत्या. आम्ही त्यांना घेऊन गेलो. सुजाता पुढं चालत होती आणि सांगत होती, काकू, इकडून वळा, इथं पायरी आहे.

मी पुष्कळ विचार केला. माझ्यासारखी दिसणारी दुसरी कोणी असेल? असेल. तिलाही तेवढीच दोन पोरं असतील? असतील. पण तीच नावं, आणि माझं पोर तिला आई म्हणतं? नातीनं दहा लॉजिक लावून बघितली, एकही बसत नाही. बुद्धिवादी माणसानं जिथं कळत नाही तिथं 'कळत नाही' म्हणावं, असं हे म्हणायचे. म्हणून मी तेवढंच म्हणते.

ह्यांनी तो विषय कधी मानला नाही. रिटायर झाल्यावर एका दुपारी आम्ही दोघं गॅलरीत वाटाणे सोलत बसलो होतो. कशावरून काही नाही, हे एकदम म्हणाले, "ते जी कोन बाई होती न... तिले एकदा तरी जेवू घालाले पाहिजे होतं."

मी म्हटलं, "अहो, मी तर रोजच जेवत होते!"

हे हसले. मग किती तरी वेळ माझ्याकडं बघत राहिले, वाटाण्याची शेंग हातात तशीच धरून.